आत बाळंतिणी हायत!

पाण्याची एक बादली झाकायची राहून गेली, तर आठवडाभरात तिच्यात काय काय वळवळायला लागतं, हे लातूरकरांना सांगायची गरज नाही. किस्स्यांचंही तसंच असतं. ते कुणी मुद्दाम पाळत नाही. झाकायचं राहून जातं, आणि बघता बघता त्यांना पंख फुटतात. माझ्याकडं तर झाकण ठेवायची सोयच नव्हती. बादली उघडी ठेवण्याचाच मला पगार मिळत होता!

मी शिवप्पा. सगळे आप्पा म्हणतात. गाव चाकूरकडचं. शाळेचं तोंड मी बाहेरून पाहिलं. अक्षरं शिकलो ती चाळिशी उलटल्यावर, लातूरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या विभागात शिपाई असताना, डासांच्या पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. त्यामुळं माझी बाराखडी जरा वेगळी आहे. लोकांचा 'अ' अननसाचा असतो, माझा 'अ' अंड्याचा. लोकांचा 'क' कमळाचा, माझा कोषाचा. आता लिंगायताच्या घरात 'अ' अंड्याचा म्हटल्यावर काय होतं, ते पुढं येईलच.

हे पिंजरे होते जोशी मॅडमच्या खोलीत. मॅडम नांदेडच्या. नवरा तिकडं ऑफिसात, मॅडम इकडं कॉलेजात. शनिवारी यष्टीनं जायच्या, सोमवारी यायच्या. त्यांची पीएच.डी. होती डासांच्या अंड्यांवर. मादी रक्त पिते आणि मग तिच्या पोटात अंडी भरतात, ती कुणाच्या हुकमानं, हा विषय. (मॅडम 'मादी' म्हणायच्या. बाईमाणसाबद्दल असं बोलणं मला बरं वाटायचं नाही. मी 'डासीणबाई' म्हणायचो.) विभागाच्या मागच्या बाजूची ही एकच खोली मॅडमना मिळाली होती. तिच्यातले पिंजरे टिकले तर पीएच.डी. होणार, नाही तर मॅडम गाशा गुंडाळून नांदेडला जाणार, हे घरी ठरलेलं होतं. आणि असे हे पिंजरे माझ्या भरवशावर होते. बघा म्हणजे!

*

एकदा नगरपालिकेचा धूर मारणारा माणूस थेट कॉलेजात शिरला. खांद्यावर मशीन, तोंडाला रुमाल. एकेक खोली धुरात बुडवत तो आमच्याकडं यायला लागला. आत पिंजऱ्यात नुकत्याच रक्त प्यालेल्या डासीणबाया भिंतीला टेकून बसलेल्या. पोटं अशी तटतटलेली की हलवत नव्हतं. धूर आत गेला असता तर खेळ खलास. मॅडम वर्गात, बिराजदार सर मीटिंगला.

मी दारात हात पसरून उभा राहिलो.

"आत न्हाई जायचं!"

"का बरं? वरून ऑर्डर हाय."

आता ह्याला काय सांगावं? डास मारायला आलेल्या माणसाला, आत डास आहेत म्हणून येऊ नको, असं कोणत्या तोंडानं सांगणार? माझ्या तोंडून निघालं,

"आत बाळंतिणी हायत!"

तो बिचारा दोन पावलं मागं सरला. मशीन बंद केलं, तोंडावरचा रुमाल काढला. "मग आधी न्हाई का सांगायचं? किती हायत?"

मी खोटं बोलत नाही. म्हणालो, "असतील दोनेकशे."

संध्याकाळी प्राचार्यांनी आमच्या बिराजदार सरांना बोलावून घेतलं. सर विभागप्रमुख, मोठे मिश्कील. परत आले ते माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "आप्पा, नगरपालिका डास मारते, तुम्ही पाळता. दोघांनाही पगार सरकारच देतं. तुम्ही दोघं एकमेकांच्या पोटावर कशाला पाय देताय?"

*

डासीणबाईंना रक्त लागतं. नर बिचारे साखरेच्या पाण्यावर खुश असतात, पण अंड्यांसाठी बाईला रक्तच पाहिजे. म्हणून मॅडमनी एक कोंबडी ठेवली होती. तिच्या पोटाखालची थोडी पिसं कातरायची, तिला पिंजऱ्यावर अर्धा तास गप बसवायचं. डास जाळीतून सोंड घालून काम उरकून घ्यायचे. कोंबडीला काही व्हायचं नाही. ती डुलक्या काढायची.

पण कॉलेजात मांजरं फार. म्हणून कोंबडी रात्री माझ्या घरी. म्हणजे रोज सकाळी कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि काखेत कोंबडी, असा मी गल्लीतून निघायचो. एखाद्या लिंगायत म्हाताऱ्याच्या काखेत कोंबडी दिसली तर लोक गप राहतील का? पहिल्या दिवशी लोक नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी कुजबुजले. पण संध्याकाळी तीच कोंबडी, तशीच जिवंत, परत येताना बघून मात्र सगळी गल्ली चक्रावली. खाणारा असता तर खाल्ली असती. न खाणारा असता तर नेली नसती. हा माणूस नेतो आणि परत आणतो!

आमच्या शेजारी गफूरभाई राहायचे. ऑटो चालवायचे. महिनाभर त्यांनी हे बघितलं. मग एक दिवस ऑटो आडवा लावून मला थांबवलं.

"आप्पा, एक बात बोलूं? गुस्सा नक्को करो."

"बोला की."

"इस मुर्गी कू या तो काट डालो, नै तो इसका अ‍ॅडमिशन करा डालो! रोज-रोज का आना-जाना अच्छा नै दिखता."

पुढं लातूरचं नाव झालं, कंधार, माहूर कुठकुठून पोरं इथं शिकायला यायला लागली, तेव्हा गफूरभाई ऑटोतल्या पोरांना माझं घर दाखवून सांगायचे, "ये देखो, हमारे यहां की मुर्गी भी सायन्स को जाती थी!"

*

मॅडम एका दिवशी म्हणाल्या, "आप्पा, उद्या दुपारी नांदेडच्या गाडीनं हार्मोनची पेटी येणार आहे. कंडक्टरकडं दिलीय. जपून आणा. आपटू नका, आणि उन्हात तर अजिबात ठेवू नका."

मी म्हणालो, "हाव मॅडम."

मनात म्हणालो, गॅदरिंग जवळ आलंय, पेटी आणवली असेल. आमच्या भजनी मंडळात मी टाळ वाजवतो. (टाळच का? कारण तो दोन्ही हातांनी वाजतो आणि चुकला तरी कळत नाही.) आमच्या मंडळाच्या पेटीचे दोन सूर कधीचे मुके झालेले. गॅदरिंग झाल्यावर मॅडमकडं शब्द टाकायचा, असं ठरवून टाकलं.

पेटी म्हणजे वजन. म्हणून गफूरभाईंचा ऑटो ठरवला. त्यांनी मागं बांधायला दोरी आणली. खाली अंथरायला मी घरून गोधडी घेतली. स्टँडवर नांदेडची गाडी आली. कंडक्टरनं माझ्या हातात एक पांढरा थर्मोकोलचा डबा ठेवला, जेवणाच्या डब्याएवढा.

"आणि पेटी?"

"हीच पेटी. सही करा."

गफूरभाईंनी डबा हातात घेऊन हलवून बघितला. कानाला लावला. म्हणाले, "बच्चों की होंगी."

तो डबा गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, मी खोलीवर आलो. मॅडमनी झाकण काढलं. आत बर्फ. बर्फात कापूस. कापसात काचेची एक बाटली, करंगळीच्या नखाएवढी. तळाशी पाणी म्हणावं तर पाणीही नाही.

"हे बघा आप्पा, हार्मोन!"

मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. शेवटी राहवेना.

"मॅडम, वाजतं कसं हो?"

मॅडम स्टुलावर बसल्या त्या बऱ्याच वेळानं उठल्या. डोळे पुसून मला समजावून सांगायला लागल्या. "आप्पा, डासिणीच्या पोटात रक्त गेलं की डोक्यातून एक रस सुटतो. तो रस म्हणजे निरोप. तो जातो अंडाशयाकडं. अंडाशयातून दुसरा रस सुटतो, तो जातो पोटातल्या चरबीकडं. मग चरबी अंड्यांसाठी सकस माल तयार करते. तो अंड्यांत भरला की अंडी मोठी होतात. ह्या रसांना म्हणायचं हार्मोन."

मी म्हणालो, "म्हंजे लेक बाळंतपणाला आली की माहेरी निरोप जातो, आणि आई डिंकाचे लाडू करायला घेते, तसंच की!"

"अगदी तसंच. चरबी म्हणजे ती आई."

मी माझ्या पोटाकडं बघितलं. पोट त्या काळात बरंच पुढं आलेलं होतं. "मग मॅडम, माझी ही एवढी चरबी काय करून राहिली?"

मॅडम म्हणाल्या, "निरोपाची वाट बघतेय!"

*

आता घरचं ऐका. आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नव्हतं. वाण्याकडं टांगलेली अंडी दिसली तरी आमची कारभारीण, म्हणजे लेक सुरेखाची आई, पदर नाकाला लावायची. तिला मी नोकरी लागल्यापासून सांगितलं होतं की कॉलेजात कागदपत्रांचं काम आहे, आणि कोंबडी मॅडमची, मांजरांच्या भीतीनं नुसती राखायला आणतो. पण एकदा झोपेत बडबडलो, "काय सांगता मॅडम, एवढी अंडी? मोजता मोजता मेलो की!" सकाळी चहा मिळाला नाही.

त्यात सुरेखाला बघायला उदगीरची मंडळी यायची ठरली. सोयरीक चांगली, मुलगा दुकानदार, माणसं कडक. आदल्या दिवसापासून सुरेखाची आई मला पढवत होती.

"काय काम करता म्हणले तर काय सांगायचं?"

"संशोधन."

"पुन्हा म्हणा."

"संशोधन."

"आणि अंडं?"

"न्हाई म्हणायचं."

मंडळी आली. पोहे झाले. मुलाचे काका मोठे करारी, मिशा पिळदार. त्यांनी विचारलंच, "आप्पा, कॉलेजात तुमच्याकडं काय काम असतंय?"

मी म्हणालो, "सं..."

आणि पुढचं आठवेना! संस्कार, संसार, संक्रांत, सगळं आठवलं. आतल्या दारातून सुरेखाची आई डोळे वटारून ओठ हलवून राहिली होती. त्यानं तर उरलंसुरलंही गेलं. शेवटी मी खरं ते, पण अंडं वगळून सांगितलं.

"डास वाढवतो."

पोह्याचा चमचा काकांच्या मिशीपाशी थांबला. "वाढवता?"

"हाव. लहानाचे मोठे करतो."

"आणि मग?"

"मग काय, उडत्यात."

काकांनी चमचा बशीत ठेवला. मग पुतण्याकडं वळून म्हणाले, "तरीच! मी म्हणत होतो न्हाई, आपल्या उदगीरला हे एवढे येत्यात तरी कुठून?"

सोयरीक जमली. काकांनी एकच अट घातली. लग्नात भांडी कमी द्या, पण घरातल्या सगळ्यांना मच्छरदाण्या द्या!

*

मग भूकंप झाला. त्या भूकंपात ज्यांची घरं आणि माणसं गेली, त्यांच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. मला तेवढं लिहिता येत नाही, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. मी फक्त माझी फजिती सांगतो.

उजाडल्यावर मी कॉलेजात पळालो. भिंतीला भेग गेली होती. मांडणी आडवी झालेली. पिंजऱ्यांच्या काठ्या मोडलेल्या, जाळ्या फाटलेल्या, पाण्याच्या तसराळ्या पालथ्या. मॅडम सुट्टीसाठी नांदेडला गेल्या होत्या. तिकडं फोन लागत नव्हता. मी फरशीवर गुडघे टेकून, कागदाच्या तुकड्यानं एकेक अळी उचलून पाण्यात टाकत बसलो. एकाच कोपऱ्यातला पिंजरा धड राहिला होता. त्यातल्या डासीणबायांवरच मॅडमचं सगळं अवलंबून होतं.

इमारतीत थांबायला परवानगी नव्हती. मी तो पिंजरा आणि तसराळ्या गफूरभाईंच्या ऑटोत घालून घरी आणल्या. घरात कुणी झोपत नव्हतं. जमीन अधूनमधून हलतच होती. सगळी गल्ली समोरच्या मोकळ्या मैदानात अंथरुणं टाकून राहात होती. पिंजऱ्याची जाळी एका बाजूनं उसवलेली. घरात मच्छरदाणी एकच. मी चार काठ्या रोवल्या, मच्छरदाणी बांधली, आणि पिंजरा, अळ्यांच्या तसराळ्या, कोषांच्या वाट्या सगळं तिच्या आत नीट मांडलं. कडा विटांनी दाबल्या. आणि आम्ही नवरा-बायको बाहेर, अंगावर चादर घेऊन.

मैदानातले मोकाट डास रात्रभर आम्हाला फोडून खात होते. आतले आमचे, जाळीला बसून, बघत होते.

सुरेखाच्या आईनं नुसतं माझ्याकडं बघितलं. लग्नाला तीस वर्षं झालेल्या बाईला बोलायची गरज नसते.

सकाळी गफूरभाई तांब्या घेऊन निघाले होते. मच्छरदाणीपाशी थांबले. आत वाकून बघितलं, बाहेर माझं सुजलेलं तोंड बघितलं, पुन्हा आत बघितलं.

"वा रे जमाना! मच्छरदानी में मच्छर, और आदमी बाहर!"

चार दिवसांनी मॅडम मिळेल त्या गाडीनं आल्या. मैदानात मला शोधत शोधत पोचल्या. आधी सुरेखाच्या आईचे दोन्ही हात धरले, सगळे ठीक ना म्हणून विचारलं. मग मच्छरदाणीजवळ गेल्या, आणि तिथंच मातीत बसून रडायला लागल्या. आतल्या वाटीत काठाला काळी अंडी लागलेली होती.

सुरेखाची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाईला एवढं रडू आलं, म्हंजे काहीतरी असणार त्या अंड्यात."

अंडं म्हणाली! मी जवळची काठी धरली. जमीन आधीच हलत होती.

*

ह्या पुढच्या गोष्टीत सगळी शोभा माझीच आहे.

मॅडमच्या कामाचा खरा गाभा असा होता. रक्त प्यायल्याबरोबर डासिणीचं डोकं काढलं, तर निरोप सुटतच नाही, अंडी होत नाहीत. पण काही तास थांबून काढलं, तर निरोप आधीच गेलेला असतो, अंडी होतात. मॅडमच्या हिशोबानं आठ तासांनी निरोप गेलेला असायला पाहिजे होता. मॅडमना शिकवायला जावं लागे, म्हणून माझ्याकडं काम एवढंच की सकाळी कोंबडी उतरवली, की आठ तासांनी डासीणबायांचा डबा फ्रीजमध्ये ठेवायचा. गारठ्यानं सगळं थांबतं. मग मॅडम सवडीनं येऊन, मायक्रोस्कोपखाली (मी त्याला दुर्बीण म्हणतो), डोकी काढायच्या. मी त्या वेळी बाहेर थांबायचो. आपल्या हातून वाढलेले जीव. दारातूनच 'शरणार्थ' म्हणून आमच्यातला नमस्कार घालायचो.

तर काय व्हायला लागलं, की अंडी कधी भरपूर, कधी एकही नाही. त्याच डासीणबाया, तीच कोंबडी, तोच डबा. मॅडमनी पाणी बदललं, साखर बदलली, कोंबडीसुद्धा बदलली. (नवी कोंबडी बघून गफूरभाईंनी विचारलं, "पहली पास हो गई क्या?") महिने गेले. मॅडम सुकून चालल्या. एकदा नांदेडहून नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी फरशी पुसत होतो. मॅडम म्हणाल्या, "हो, कळतंय मला. ह्या दिवाळीपर्यंत बघते. नाही तर येते तिकडंच." फोन ठेवला आणि जुन्या वह्या पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतल्या. मला वाटलं, आपण काहीतरी करायला पाहिजे. पण काय करणार? मी आणखी मन लावून तास मोजायला लागलो.

एका दिवशी बिराजदार सर खोलीत बसले होते. बाहेर घंटा झाली. मी भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढली.

सर म्हणाले, "आप्पा, हे काय?"

"तास मोजून राहिलो सर. हा पाचवा झाला."

"पाचवा? आत्ता कोंबडी उतरवून चार तासही झाले नाहीत."

"कसं न्हाई सर? पहिला इंग्रजीचा, दुसरा मराठीचा, तिसरा गणिताचा..."

सर उठून उभे राहिले. मॅडम हातातला कप तसाच धरून बसल्या.

"आप्पा," मॅडम एकेक शब्द सावकाश बोलल्या, "तुम्ही आठ तास म्हणजे... कॉलेजचे आठ तास मोजता?"

"मग अजून कोणते, मॅडम? कॉलेजचं काम, कॉलेजचेच तास!"

आता कॉलेजचा तास पाऊण तासाचा. म्हणजे डबा वेळेच्या आधीच फ्रीजमध्ये जायचा, निरोप सुटायच्या आत डोकं उडायचं.

"पण मग," सर म्हणाले, "मधेच अंडी भरपूर कशी यायची?"

ते मला लगेच सांगता आलं. "सुट्टीत कॉलेजची घंटा बंद असती ना सर. तवा मी शेजारच्या कोचिंग क्लासचे तास धरायचो. त्यांचा एकेक तास दीड तासाचा. लई वेळ बसायला लागायचं हो. पण मी एकदाबी कंटाळा केला न्हाई!"

मॅडम हसल्या का रडल्या, मला अजून कळलेलं नाही. दोन्ही एकदम चाललं होतं. सर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, ह्याच्या पगारात तास कोणता धरायचा, ते आता आपल्याला बघावं लागेल!"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी गजराचं घड्याळ आणलं. सगळं काम पहिल्यापासून करायचं ठरलं. दिवाळी जवळ येत चालली होती.

*

आणि नेमकी तेव्हाच आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची नजर आमच्या खोलीवर पडली.

त्या काळात लातुरात क्लासचं पीक असं आलं होतं, की कुणाच्या गोठ्यात फिजिक्स, कुणाच्या गच्चीवर केमिस्ट्री. बारावीची पोरं पत्र्याच्या खोल्यांतून दाटीवाटीनं राहात होती. आमच्या अध्यक्षांनी, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, संस्थेतच स्पेशल बॅच काढली. ती आधी खेळाच्या खोलीत भरली. मग अर्धी लायब्ररी गेली. मग आमच्या शेजारचा जुना क्लास हटवून तिथं अण्णांची बॅच आली. तरी पोरं मावेनात.

एक दिवस अण्णा स्वतः आले. पांढरे कपडे, हातात मोबाईल नव्हे, त्या वेळी डायरी असायची. दारातूनच डोळ्यांनी खोली मापली.

"काय बिराजदार, इथं साठ पोरं बसतील का न्हाई?"

सर म्हणाले, "अण्णा, इथं मॅडमचं संशोधन..."

"काय हाय संशोधन?"

"डास," मी म्हणालो. बोलायला नको होतं.

"डास!" अण्णा म्हणाले. "अहो, लोक बाहेर लाईन लावून उभे हायत ॲडमिशनला, आणि इथं डास बसवलेत तुम्ही? सोमवारी रिकामी करा."

मॅडम उठून पुढं आल्या. "अण्णा, फक्त दिवाळीपर्यंत. शेवटचा भाग आहे."

"दिवाळीपर्यंत आमचा निम्मा सिलॅबस होतो, ताई."

मॅडम हात जोडतील असं मला वाटलं, पण त्यांनी जोडले नाहीत. दुर्बिणीसमोरचं स्टूल पुढं ओढलं आणि म्हणाल्या, "रिकामी करते. पण एकदा बघून जा. एवढ्या वर्षांत इथं कुणी बघितलेलं नाही."

अण्णांना नाही म्हणता येईना. चष्मा कपाळावर चढवला आणि बसले. मला मॅडमनी डावीकडची काच द्यायला सांगितली. गडबडीत मी उजवीकडची दिली. मॅडमनी ती काढून बदलली.

"हे काय हाय?"

"डासाची मादी."

"हिला मुंडकं कुठाय?"

"काढलंय. रक्त प्यायल्याबरोबर काढलं."

"मग हे पोटात तांदळाच्या दाण्यावानी काय भरलंय?"

"अंडी. पूर्ण तयार."

अण्णांनी डोळा काढला, मॅडमकडं बघितलं, पुन्हा डोळा लावला. "डोक्याशिवाय?"

"डोक्याशिवाय. एरवी डोक्यातून जो रस सुटतो, तो आम्ही बाहेरून टोचला. एक थेंब. वेळेवर."

"आणि ही दुसरी?"

"तिलाही डोकं नाही. पण तिला थेंब दिला नाही. म्हणून ती रिकामी."

अण्णांनी एकदा ही काच बघितली, एकदा ती. शेजारच्या वर्गात सर प्रश्न विचारत होते आणि भिंतीपलीकडून साठ-सत्तर पोरं एका सुरात उत्तर देत होती. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर, एकही सूर मागं-पुढं नाही.

अण्णा तसेच बसून ते ऐकत होते. डोळा दुर्बिणीला, कान भिंतीला.

"म्हणजे ताई," शेवटी ते म्हणाले, आवाज एकदम खाली आला होता, "स्वतःचं डोकं नसलं, तरी बाहेरून डोस दिला की रिझल्ट लागतो?"

"शंभर टक्के, अण्णा."

अण्णा उठले. चष्मा नाकावर घेतला. डायरी उघडली, काही न लिहिता मिटली. बिराजदार सरांकडं वळून म्हणाले, "खोली राहू द्या ताईंकडं. दिवाळीपर्यंत कशाला? काम होईतोवर राहू द्या."

आम्ही तिघंही उभे होतो तिथंच उभे. अण्णा दारापर्यंत गेले, थांबले, शेजारच्या वर्गाकडं एक नजर टाकली, आणि परत आत डोकावून, अगदी हळू म्हणाले,

"फक्त एवढं करा, ताई... पालकांना दाखवू नका!"